डायलचं कुलूप

गंगाखेडच्या आमच्या ऑफिसात फोन पहिल्यापासून होता, पण त्याला डायल नव्हती. रिसीव्हर उचलला की एक्स्चेंजमधला ऑपरेटर "बोला" म्हणायचा. कोण पाहिजे ते सांगायचं आणि तो जोडून द्यायचा. जोडायचं की नाही हे तोच ठरवायचा. त्याला सगळ्या ऑफिसांतले आवाज पाठ होते. एकदा आमच्यातल्या कोणीतरी साहेबांचा आवाज काढून परभणी मागितली. ऑपरेटर म्हणाला, "साहेब तर आत्ता माझ्या दारावरून जीपमधून गेले. आपण कोण?" त्या दिवशी सगळं ऑफिस हसलं होतं.

पुढे गावात आपोआप जोडणारं एक्स्चेंज आलं आणि आम्हाला डायलचा काळा फोन मिळाला. आता मध्ये माणूस नव्हता. बोट फिरवलं की परभणीसुद्धा थेट लागायची, आणि फिरवणारा कोण हे विचारणारं कोणी उरलं नव्हतं. म्हणून डायलला कुलूप आलं. बोराएवढं, गोल, चकचकीत. डायलमधल्या एकच्या भोकात बसवून किल्ली फिरवली की डायल जागची हलत नसे. बाहेरून येणारे फोन येत, आतून जाणारे थांबत. कुलपाला दोन चाव्या होत्या.

आमचं ऑफिस कालव्याच्या पाण्याचं. मी तिथे वरिष्ठ लिपिक होतो. एक चावी माझ्या घराच्या जुडग्यात असे. दुसरी शिपायाकडे, कारण सकाळी आठला कालव्याचं गेज, म्हणजे पाण्याची पातळी, परभणीच्या मोठ्या ऑफिसला कळवावी लागे आणि मी साडेदहाला येत असे.

शिपायाला सगळे मामा म्हणत. मीही मामाच म्हणायचो. तो चुडाव्याकडचा, मेंढरं पाळणाऱ्या घरातला. भाऊ मेंढरांमागे फिरत, बायको गावी दुसऱ्याच्या शेतात कामाला जाई, आणि हा आमच्याकडे रोजंदारीवर. गेजच्या पट्टीवरचे आकडे मीच त्याला शिकवले. पहिल्या आठवड्यात तो पट्टीपाशी बोट ठेवून उभा राहायचा आणि मला बोलवायला यायचा. नंतर एकदाही चुकला नाही. मोजायला मात्र तो त्याच्या घरच्या रीतीनेच मोजायचा, विसांनी. "दोन ईस आन् पाच" म्हणजे पंचेचाळीस. वीस झाले की एक आडवी रेघ, पुन्हा पहिल्यापासून. मी त्याला शंभरापर्यंत मोजायला शिकवायला लागलो तर म्हणाला, "भाऊसाहेब, येवढं लांब कोन जातंय? ईस झाले की मान्सानं जरा थांबावं."

फोनचं रजिस्टर मी ठेवायचो. कोणी, कोठे, कोणत्या कामासाठी. मामाला लिहिता येत नव्हतं, पण तो फोनच्या खोलीबाहेर स्टुलावर बसायचा आणि कुलूप उघडून कोणीही फोन केला की भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीची एक उभी रेघ ओढायचा. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "चावी माझ्यापाशी हाय नव्हं? मंग मला ठावं पायजे की किती डाव उघडलं."

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी रोजंदारीवरच्या जुन्या माणसांना कायम करायची यादी निघणार होती. हजेरीचं मस्टर काढून प्रत्येकाचे दिवस मीच मोजले. मामाचे दिवस सलग आणि पुरे भरत होते. यादीत त्याचं नाव तिसरं होतं. यादी साहेबांच्या सहीने परभणीला जायची एवढंच राहिलं होतं. मी त्याला ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी गावाकडून आणलेल्या हुरड्याची पुडी माझ्या टेबलावर ठेवून गेला.

त्याच महिन्यात टेलिफोन खात्याचा कागद आला. दोन महिन्यांत आमच्या फोनवरून सहाशे बारा कॉल. माझ्या रजिस्टरात तीनशे अठ्ठ्याऐंशी. मी तीनदा बेरीज केली. फरक दोनशे चोवीस.

मी मामाला त्याचं कॅलेंडर आणायला सांगितलं. आम्ही दोघांनी त्या दोन महिन्यांच्या रेघा मोजल्या. एकोणीस ईस आणि आठ. म्हणजे तीनशे अठ्ठ्याऐंशी. माझ्या रजिस्टराशी एकाचाही फरक नाही. त्याला बरं वाटलं. "बराबर हाय की!" म्हणाला. मला मात्र बरं वाटलं नाही, कारण टेलिफोन खात्याचा आकडा तिसराच होता, आणि मशीन चुकत नसतं असं तेव्हा माझं मत होतं.

साहेबांनी मला आत बोलावलं.

"कुलूप असतं ना फोनला?"

"असतं, साहेब."

"कुलूप असताना फोन लागतो?"

"कसा लागेल?"

"चाव्या कोणाकडे?"

मी सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. त्यांना माझा संशय आला नाही, हे मला दिसलं. माझी सतरा वर्षांची नोकरी, माझी रजिस्टरं, कधी खाडाखोड नाही. "तुम्ही स्वच्छ टिपणी लिहा. जे आहे तेच लिहा," ते म्हणाले.

मी जे आहे तेच लिहिलं. मला ती दोन वाक्यं अजून शब्दन् शब्द पाठ आहेत. 'कुलूप बंद असताना या दूरध्वनीवरून बाहेर फोन करणे शक्य नाही. कुलपास दोन चाव्या असून एक निम्नस्वाक्षरीकाराकडे व एक रोजंदारी शिपायाकडे असते.' कोणावर आरोप नाही, अंदाज नाही. टिपणीत अंदाज लिहू नये आणि लिहिलेलं खोडू नये, हे मी ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक नव्या कारकुनाला शिकवत आलो होतो. पण ती दोन वाक्यं एकाखाली एक वाचली की तिसरं वाक्य वाचणारा स्वतःच तयार करत होता.

रात्री जेवताना मी बायकोला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने हात थांबवला.

"मामानं सव्वादोनशे फोन केले? कुणाला?"

"ते माहीत नाही."

"त्याच्या गावात फोन तरी आहे का? स्टेशनात रेल्वेचा असंल तेवढाच. मेंढरांना केले का?"

मी म्हणालो, दुसऱ्या कोणाला करू दिले असतील. हे साहेबांचं वाक्य होतं, मी ते माझं म्हणून बोललो. ती म्हणाली, "तुमी आकडे लय चांगले मोजताव," आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

साहेबांनी मामाला बोलावलं तेव्हा मी तिथे उभा होतो. मामाने सदरा वर करून करगोटा दाखवला. चावी त्याला गाठ मारून बांधलेली होती. "आंगोळीला बी काढत न्हाई सायेब. मी कुनाला दिलो न्हाई."

"मग कुलूप आपोआप उघडलं का?"

मामा माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं तो मला मदत मागतोय. पण तो मला खरोखरच विचारत होता की असं होतं का, कारण ऑफिसातल्या वस्तूंचं मीच त्याला सगळं शिकवलं होतं. मी मान हलवली. नाही म्हणून.

यादी गेली तेव्हा त्यातलं तिसरं नाव नव्हतं. पुढच्या पहिल्या तारखेपासून त्याला कामावर घेऊ नये असा वेगळा कागदही निघाला. मामाने चावी सोडवून माझ्या टेबलावर ठेवली. कॅलेंडरही ठेवलं. "ह्ये तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या," म्हणाला.

त्यानंतर चार महिन्यांनी विद्यापीठाच्या नावाच्या प्रश्नावर बंद होता. त्या वर्षांत असे बंद आमच्या अंगवळणी पडले होते. एसटी नव्हती, बाजार बंद, रस्त्यावर पोलीस. बाहेरगावचं कोणी ऑफिसला आलं नाही. मी गावातच राहायचो, गल्लीतून चालत गेलो. टाइपरायटर बंद, वीज नसल्याने पंखाही बंद. मी कपाटाशी बसून जुनी मस्टरं लावत होतो, आणि फोनच्या खोलीतून आवाज यायला लागला.

टक टक टक. थोडी उसंत. मग टक टक टक टक टक टक टक. पुन्हा उसंत. मग एक लांब ओळ. मला आवाज मोजायची सवय आहे. घरात नळ गळत असला तरी मी मोजतो. तीन. सात. मग दहा. दहावर मी थबकलो, कारण दहा हा आकडा डायलवर नाही. डायलवर शून्य असतो, आणि शून्य फिरवला की डायल परत येताना सगळ्यात जास्त वेळ घेते.

मग आतून माणसाचा आवाज आला, "हॅलो, मी बोलतोय. हो, बंद आहे, म्हणूनच तर निवांत."

मी दारात जाऊन उभा राहिलो. आमचा ओव्हरशियर खुर्चीवर पाय वर घेऊन बसला होता. पंचविशीतला, परभणीचा, वर्षभरापूर्वी लागलेला. ऑफिसच्या मागच्याच क्वार्टरमध्ये राहायचा. फोन त्याच्या मांडीवर होता. डायलमध्ये कुलूप जसंच्या तसं होतं, आणि दोन्ही चाव्या माझ्या खिशात होत्या.

त्याने मला पाहून फोन ठेवला. घाबरला नाही, लाजला. परभणीला त्याचं लग्न ठरलं होतं, हे ऑफिसला माहीत होतं.

"हे कसं केलंत?" मी विचारलं.

"काय, हे? काही नाही भाऊसाहेब. रिसीव्हर ठेवतो तिथली खुंटी दाबायची. तीन पाहिजे तर तीनदा, शून्याला दहादा. हॉस्टेलला आमच्या वॉर्डनच्या फोनला कुलूप होतं, सगळी पोरं असंच करायची."

"किती दिवसांपासून?"

"कोण मोजतंय?" तो हसत म्हणाला. मग माझा चेहरा पाहून हसायचं थांबला. "मी एकटाच का? ठेकेदाराची माणसं बसतात इथं, पाणी सोडणारे पाटकरी बसतात. मी कुणाकुणाला दाखवलंय. लय मनावर घेऊ नका, भाऊसाहेब."

"मामाचं काय झालं माहीत आहे?"

त्याने खाली पाहिलं. "मी तेव्हा साईटवर होतो. चावीचं काहीतरी झालं म्हणून ऐकलं. चावीचं म्हणल्यावर मला ह्याच्याशी जोड लागली नाही." मग म्हणाला, "माझी नोकरी अजून पक्की नाही, भाऊसाहेब."

तो खोटं बोलत होता असं मला वाटलं नाही. आजही वाटत नाही. त्याच्या दृष्टीने कुलूप ही गोष्टच नव्हती, मग चावीला काय अर्थ?

दुसऱ्या दिवशी फोनची तार बघायला लाईनमन आला तेव्हा मी त्याला विचारलं. तो पान खात होता. "आमाला म्हाईत हाय की ते," म्हणाला. "डायल काय करती भाऊसाहेब? करंट तोडती. पाच फिरवला की पाच डाव तोडती. खुंटी दाबली तरी करंट तुटतोयच. एक्स्चेंजला ठोके कळत्यात, बोट कळत न्हाई. कुलूप डायलीला असतंय, लाईनीला न्हाई."

"मग तुम्ही सांगत का नाही लोकांना?"

"सांगून?" त्याने पिंक टाकली. "आज एकजन करायलाय, उद्या समदं गाव करंल."

मी ओव्हरशियरचं नाव न घेता साहेबांकडे गेलो. त्यांच्यासमोर कुलूप लावलं, दोन्ही चाव्या त्यांच्या हातात दिल्या आणि खुंटी दाबायला लागलो. पहिल्यांदा चुकलं, माझे ठोके संथ पडले. दुसऱ्यांदा समोरच्या कृषी दुकानाचा नंबर लागला. खिडकीतून घंटी ऐकू आली. दुकानदाराने उचलला, "हॅलो, हॅलो" केलं. साहेबांनी हात पुढे करून रिसीव्हर माझ्याकडून घेतला आणि ठेवून दिला.

बराच वेळ ते चाव्यांकडे बघत होते. माणूस वाईट नव्हता. मग म्हणाले, "हे कागदावर आणू नका."

"साहेब, मामाचं नाव गेलं यादीतून."

"मला कळतंय. पण विचार करा. तुम्ही हे लिहिलं तर वर विचारतील, सहाशेपैकी कुठले कोणी केले? सांगता येतील? आणि पद्धत एकदा लिहिली की परभणीपासून खालपर्यंत प्रत्येक ऑफिसात टकटक सुरू होईल. त्याला तुम्ही जबाबदार."

"मग कुलूप कशासाठी, साहेब?"

"कुलूप असावं लागतं," ते म्हणाले.

मी तरी लिहिलं. त्यांच्या मनाविरुद्ध मी केलेली ती एकमेव गोष्ट. दोन पानं. कुलूप असताना फोन कसा लागतो, किती ठोके, किती उसंत, कोणासमोर करून पाहिलं. शेवटी मामाचं कॅलेंडर जोडलं आणि लिहिलं की त्याच्या रेघा व माझं रजिस्टर यांत एकाचाही फरक नाही, तरी त्याच्या नावाचा फेरविचार व्हावा. साहेबांनी सही केली. मात्र शेजारी 'अवलोकनार्थ' एवढंच लिहिलं. शिफारस केली नाही.

उत्तर यायला पाच महिने लागले. पहिल्या परिच्छेदात माझंच वाक्य होतं, अवतरणचिन्हांत. 'कुलूप बंद असताना या दूरध्वनीवरून बाहेर फोन करणे शक्य नाही, असे आपल्याच कार्यालयाच्या यापूर्वीच्या टिपणीत स्पष्ट नमूद आहे. नंतरचे निवेदन त्याच्याशी विसंगत असून पश्चातबुद्धीचे दिसते.' पेन्सिलीच्या रेघांना अभिलेख मानता येत नाही. प्रकरण बंद. दुसऱ्या परिच्छेदात सर्व उपविभागांना सूचना होती की यापुढे दूरध्वनीस एकाऐवजी दोन कुलपे लावावीत.

दोन कुलपं आली. एक एकच्या भोकात, दुसरं चारच्या. चार चाव्या, चारही माझ्याकडे. सकाळचं गेज कळवायला आता मलाच आठला जावं लागे. परत निघताना मी दोन्ही कुलपं लावायचो, ओढून बघायचो. दुपारी फायली लिहीत बसलो की आतून कधीतरी टकटक यायची. ओव्हरशियर तोवर बदलून गेला होता. आता कोण होतं, मी उठून पाहिलं नाही. मोजणं मात्र थांबवता येत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मी चुडाव्याला गेलो. परभणीला गाडी बदलून, पूर्णा स्टेशन मागे टाकून पलीकडे. स्टेशनवर उतरून विचारलं तर एकाने शेताकडे बोट केलं. उसाचं पाचट काढलेल्या रानात मेंढरं बसवली होती. मामा लिंबाखाली होता. मला पाहून उठला, डोक्याचं पागोटं नीट केलं.

"भाऊसाहेब! तुमी कामून आलाव येवढ्या उन्हात? निरोप धाडायचा."

मी त्याला सगळं सांगितलं. खुंटी, ठोके, ओव्हरशियर, साहेब, परभणीचं उत्तर. त्याच्या काठीवर बोटाने ठोकून दाखवलं, तीन, सात, दहा. तो लक्ष देऊन ऐकत होता, गेज शिकताना ऐकायचा तसा.

"म्हंजी कुलूप लावलेलं आसताना बी लागतंय?"

"लागतं."

"चावीबिगर?"

"चावीबिगर."

तो हळूच खाली बसला. "मंग मी इसरलो नव्हतो," म्हणाला.

"काय?"

"मला वाटलं व्हतं, मीच कवातरी चावी ठिवून इसरलो आसंल. झोपलो आसंल. कुनीतरी सोडून घेतली आसंल, परत बांधली आसंल. तुमी लिवलं म्हनल्यावर ते खोटं कसं आसंल? घरी बी तसंच सांगितलो. लेकरास्नी सांगितलो, माझीच चूक झाली."

चार महिने, पाच महिने, आणि मधले सगळे दिवस मिळून वर्षाहून जास्त तो माणूस स्वतःला तपासत बसला होता. मी मात्र इतके दिवस समजत होतो की त्याला निदान स्वतःचं तरी खरं ठाऊक आहे.

"आता कागद निघंल का, भाऊसाहेब?"

"नाही, मामा. बंद केलं त्यांनी."

"मंग ते 'शक्य न्हाई' तेवढं तरी खोडा."

कागद परभणीला होता, आणि परभणीला नसता तरी टिपणीत खाडाखोड चालत नाही. हे त्याला सांगायची गरज नव्हती. मी नव्या कारकुनांना ते सांगताना त्याने स्टुलावर बसून कितीदा तरी ऐकलं होतं.

"ऱ्हाऊ द्या," तोच म्हणाला. "पानी पिताव का?"

मी पाणी प्यायलो. ऊन उतरल्यावर मेंढरं उठवायची वेळ झाली. तो बांधाच्या फटीशी उभा राहिला आणि एकेक मेंढरू पुढे सोडत मोजायला लागला. वीस झाले की बोटाने मातीत आडवी रेघ. मीही मोजत होतो, माझ्या रीतीने. शेवटचं कोकरू गेलं तेव्हा मातीत चार रेघा होत्या आणि वर तीन ठिपके.

"चार ईस आन् तीन," तो म्हणाला. "तुमचे किती?"

"त्र्याऐंशी."

"बराबर हाय का?"

"बरोबर आहे, मामा."

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला, मी आणखी काही बोलेन म्हणून. मग पायाने रेघा पुसून मेंढरांच्या मागे निघाला.